सातवाहनांचे राज्य कोणी वाटून घेतले?

(डोंबिवली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

डोंबिवलीहून कल्याण हे लोकलने दुसरे स्थानक. रोजच्या धावपळीत ज्या स्थानकावर गाडी बदलण्यापलीकडे कोणाला फारसे काही सुचत नाही, त्या कल्याणच्या खाडीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक व्यापाऱ्यांची गलबते येत असत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या माहितीपुस्तकात कल्याणची नोंद आहे. थोरल्या सातकर्णीच्या काळी हे राजमान्य बाजारपेठेचे बंदर होते. पुढे सत्ता दुसऱ्याच्या हाती गेल्यावर येथील व्यापाराची कोंडी झाली आणि चुकून येथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे त्यात नमूद आहे. एका साम्राज्याच्या पश्चिम अंगाला लागलेल्या दुखण्याची ही परक्या माणसाने केलेली नोंद होय. त्या साम्राज्याचे नाव सातवाहन.

सातवाहनांचा इतिहास महाराष्ट्रात अभिमानाने सांगितला जातो, आणि तो अभिमान अनाठायी नाही. परंतु पैठण-जुन्नरपासून कृष्णेच्या मुखापर्यंत पसरलेले हे राज्य तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात तुकडे होऊन का विखुरले आणि पूर्वेकडे त्याचा जो वारस उभा राहिला तोही शंभरएक वर्षांतच का संपला, या प्रश्नाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. शाळेच्या पुस्तकात 'दुर्बल उत्तराधिकारी' असे दोन शब्द लिहिले की साम्राज्याचा निकाल लागतो. सामाजिक परिवर्तनाचा विचार करणाऱ्या कार्यकर्त्याला एवढ्याने समाधान मानता येणार नाही. राज्य दुबळ्या राजामुळे मोडते की राजाही दुबळा व्हावा अशी काही व्यवस्था आधीच तयार झालेली असते, हे त्याने तपासले पाहिजे.

वैभवाचे धनी

प्रथम हे वैभव कोणाच्या श्रमावर उभे होते ते पाहू. कल्याणहून मुरबाड-वैशाखरे मार्गे नाणेघाट चढून गेले की जुन्नरचे पठार लागते. बंदरावर उतरलेला माल घाटावर आणि घाटावरचा कापूस-कापड बंदरावर नेण्याची ही वाट. घाटमाथ्याच्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांची लांबलचक यादी आहे. जवळच दगडात कोरलेला एक प्रचंड रांजण उभा आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. यज्ञाची यादी आणि जकातीचा रांजण यांचे हे शेजारपण बोलके आहे. एकीकडे जमा होते, दुसरीकडे खर्च.

या जमेच्या मागे असलेली माणसेही अगदी मुकी राहिलेली नाहीत. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या रहिवाशांची दाने कोरलेली आहेत. त्यांत व्यापारी आहेतच, पण पाण्याचे टाके करून देणारा सोनार आहे आणि वाट करून देणारा लोहारही आहे. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले, आणि त्यातून भिक्षूंच्या चीवरांचा खर्च भागावा असे लिहिले. म्हणजे वर्षाला शेकडा बारा आणि शेकडा नऊ. राजाच्या जावयाने जी ठेव 'कायमची' म्हणून ठेवली, ती विणकरांच्या संघटनेकडे ठेवली. राजे येतील-जातील, पण विणकरांची श्रेणी राहील, असा विश्वास त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही होता.

न नांगरलेले शेत

पश्चिमेची ही संपत्तीच युद्धाचे कारण ठरली. क्षत्रप नहपानाने सातवाहनांकडून कोकण आणि नाशिकचा प्रदेश हिरावून घेतला. गौतमीपुत्र सातकर्णीने तो परत जिंकला. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या साठ्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाणे तेच, चांदी तीच, मालक तेवढा बदललेला. सत्तांतर म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

गौतमीपुत्राची माता बलश्री हिच्या लेखात या विजयाचे भव्य वर्णन आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले, त्याने क्षत्रियांचा गर्व उतरवला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असे त्याचे गुण गायिले आहेत. धर्माला धरून कर घेणारा, प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होणारा, असेही म्हटले आहे. या प्रशस्तीशेजारीच त्याच लेण्यात दोन कोरडे सरकारी हुकूम आहेत, आणि इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल प्रशस्तीपेक्षा अधिक आहे. अठराव्या राज्यवर्षी गौतमीपुत्राने पूर्वी उषवदाताकडे असलेले काखडी गावचे दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना दिले. चोविसाव्या वर्षी दुसरा हुकूम काढावा लागला. त्यात राजा व राजमाता कळवतात की पूर्वी दिलेले शेत कोणी नांगरत नाही, गावातही वस्ती नाही. सबब नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत.

मित्रहो, या एका वाक्यापुढे तीन समुद्रांचे पाणी पिणारे घोडे फिके पडतात. विजयाला सहा वर्षे उलटली, तरी गाव ओसाड होते. फौजा आल्या आणि गेल्या, त्यांच्या वाटेवरची कुळे परागंदा झाली. राजाज्ञा दगडात कोरता येते. तिच्याने नांगर चालत नाही.

या दानांना जोडलेल्या सवलतीही लक्षपूर्वक पाहिल्या पाहिजेत. दिलेल्या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरू नये, तिला हात लावू नये, मिठासाठी खणू नये, जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने तेथे कारभार करू नये, असे हुकूम आहेत. भिक्षूंना दिलेली शे-दोनशे निवर्तने ही फार मोठी जमीन नव्हे आणि तिच्यामुळे साम्राज्य बुडाले असे म्हणणे हास्यास्पद होईल. तथापि एक तत्त्व येथे मान्य झाले. राज्यात असा एक तुकडा असू शकतो की जेथे राज्याचा हात पोचणार नाही आणि तेथील उत्पन्न मधल्या मालकाकडे जाईल, हे ते तत्त्व. आज ते भिक्षूंसाठी होते. उद्या ते शस्त्र बाळगणाऱ्यांसाठी झाले तर काय होईल?

सेवकांचे राजे झाले

उत्तर शोधण्यासाठी फार पुढे जावे लागत नाही. शक क्षत्रप रुद्रदामन याने इसवी सन १५० च्या जुनागड येथील लेखात दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवल्याचे आणि निकटच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद न केल्याचे सांगितले आहे. पुढे यज्ञश्री सातकर्णीने पुन्हा पश्चिम किनारा सांभाळला. कान्हेरी आणि नाशिक येथे त्याचे लेख आहेत, तसाच पूर्वेकडे आंध्राच्या किनाऱ्यावरही आहे. शिडाच्या जहाजाचे चित्र असलेली नाणी त्याच पूर्व किनाऱ्यावर चालत होती. दोन्ही समुद्र एका हाती ठेवणारा हा शेवटचा मोठा सातवाहन राजा.

त्याच्या नंतरचे लेख कोठे सापडतात ते पाहिले तर वाटणीचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. विजय सातकर्णीचा लेख कृष्णाकाठच्या नागार्जुनकोंड्याला, चंड सातकर्णीचा गोदावरीच्या मुखाकडे कोडवली येथे आणि शेवटच्या पुळुमावीचा बळ्ळारी भागात म्याकदोनी येथे. नाशिक नाही, कान्हेरी नाही, जुन्नर नाही. विदर्भात, आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली सुमारे १६०० नाण्यांचा साठा सापडला, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे आहेत, जी पुराणांच्या वंशावळीत नाहीत. घराण्याच्या शाखा वेगळ्या चुली मांडून बसल्या होत्या, हे यावरून उघड होते.

पण भाऊबंदकी हे वाटणीचे दिसणारे रूप झाले. तिचे मूळ म्याकदोनीच्या लेखात आहे. एका गृहस्थाने तळे खोदल्याची ती साधी नोंद. ते तळे कोठे आहे हे सांगताना मात्र लेख म्हणतो की महासेनापती खंदनाग याच्या जनपदात, गुल्मिक कुमारदत्त याच्या गावात. महासेनापती म्हणजे मोठा लष्करी अधिकारी. गुल्मिक म्हणजे सैन्याच्या एका तुकडीचा नायक. एका काळी राजाचे अमात्य जिल्ह्याचा कारभार पाहत, गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून राजाचे हुकूम सुटत. आता जिल्हा सेनापतीचा आणि गाव तुकडीच्या नायकाचे. राजाचे नाव तळ्याच्या लेखात अजून होते. गाव मात्र राजाचे राहिले नव्हते.

आणि मग पुराणकारांचे ते विधान ध्यानात येते. आंध्रांचे राज्य संपल्यावर त्यांच्या सेवकांच्या वंशातील राजे होतील, असे पुराणे भविष्यकथनाच्या थाटात सांगतात आणि त्यांत आभीर व श्रीपर्वतीय यांची गणना करतात. पुराणांच्या आकडेवारीवर फार भरवसा ठेवता येत नाही, परंतु येथे त्यांनी नेमके मर्म सांगितले आहे. बाहेरच्या शत्रूने हे साम्राज्य जिंकून घेतले नाही. ज्यांच्या हाती राखणदारी होती, त्यांनी ते जागच्या जागी ठेवून घेतले. नाशिककडे आभीर, बनवासीकडे चुटू आणि पूर्वेला, श्रीपर्वताच्या पायथ्याशी, इक्ष्वाकू.

पूर्वेचा वारस

इक्ष्वाकूंची राजधानी विजयपुरी कृष्णेच्या काठी होती. वासिष्ठीपुत्र शांतमूल हा पहिला राजा. त्याने अश्वमेध आणि वाजपेय केले. आईच्या गोत्रावरून नाव लावण्याची सातवाहनांची रीत त्याने उचलली, यज्ञांची रीतही उचलली, प्राकृत ही लेखांची भाषाही चालू ठेवली. त्याचा मुलगा वीरपुरुषदत्त याच्या काळात राजाच्या आत्याने महाचैत्याचे काम पुरे केले. राजघराण्याच्या स्त्रियांनी दाने द्यावीत आणि पुरुषांनी यज्ञ करावेत, ही नागनिका-बलश्रींच्या काळापासूनची दुहेरी परंपरा जणू तेथे पुन्हा मांडली गेली. दूरदूरचे भिक्षू तेथे येत. सिंहलच्या भिक्षूंसाठी विहार होता. लेखांत 'दिनारी' हा रोमन नाण्यावरून आलेला शब्द आढळतो. शिल्पकलेत तर विजयपुरीने अमरावतीचा वारसा पुढे नेला. पूर्वेचा वारस दरिद्री नव्हता, रसिकही होता.

मग तो टिकला का नाही? विजयपुरीच्या लेखांत महातलवर, महासेनापती या पदव्यांची गर्दी आहे. ज्या आत्याने महाचैत्य पुरे केले तिचा पती स्वतः महातलवर आणि महासेनापती होता. काही मोजकी घराणी, त्यांच्या हाती सैन्य आणि प्रदेश, आणि राजाने त्यांना लेकी-बहिणी देऊन बांधून ठेवायचे, असा हा प्रकार. म्हणजे ज्या व्यवस्थेने सातवाहनांचे राज्य पोखरले, तीच व्यवस्था वारसाने मालमत्तेबरोबर घरात घेतली. चार राजे होऊन गेले. चौथ्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत इक्ष्वाकू इतिहासातून नाहीसे झाले आणि पल्लवांचे अधिकारी कृष्णेच्या खोऱ्यात दिसू लागले. सातवाहनांचे नाव तेवढे एका पल्लव ताम्रपटात जिल्ह्याच्या नावापुरते उरले.

येथे रोमच्या साम्राज्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण कल्याणच्या खाडीत येणारी गलबते त्याच साम्राज्याची होती. इसवी सन ३९५ मध्ये सम्राट थिओडोसियस मरण पावला आणि राज्य दोन मुलांत वाटले गेले. पूर्व अर्काडियसकडे, पश्चिम होनोरियसकडे. पश्चिमेचे साम्राज्य ४७६ मध्ये संपले. पूर्वेचे, कॉन्स्टँटिनोपलचे साम्राज्य मात्र १४५३ पर्यंत जगले. एकाच घरातील वाटणी, पण एकाचे आयुष्य शतकभराचेही नाही आणि दुसऱ्याचे हजार वर्षांहून अधिक. कॉन्स्टँटिनोपलची भौगोलिक जागा, तिचा भक्कम तट आणि इजिप्तचे धान्य ही कारणे खरीच आहेत. पण त्याहून महत्त्वाचे असे की पूर्वेकडे कर गोळा करणारा पगारी अधिकारीवर्ग आणि सोन्याचे भरवशाचे नाणे दीर्घकाळ राज्याच्या हाती राहिले. पश्चिमेत मोठे जमीनदार कर चुकवू लागले, आपल्या जमिनीवर कुळांना जखडू लागले आणि सैन्यासाठी सम्राटाकडे पैसा उरला नाही. टिकलेला पूर्वेचा वारस आणि न टिकलेला पूर्वेचा वारस यांतील फरक असा आहे. कॉन्स्टँटिनोपलचा शेतकरी सुखी होता असा याचा अर्थ नव्हे. त्याच्यावरचा करभार जबरच होता. फरक इतकाच की त्याच्या कष्टाचे वरकड मधल्या मधे सगळे गडप होत नव्हते.

वाटणी आणि विकेंद्रीकरण

महाराष्ट्राला हा अनुभव नंतरही आला. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी दिलेला सावधगिरीचा इशारा प्रसिद्ध आहे. तो दिला गेला तेव्हाच वतने आणि सरंजाम यांची खिरापत सुरू झाली होती. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशी छत्रपतींच्या गादीची वाटणी कागदावर आली. पण त्याहून मोठी वाटणी सरदारांच्या सरंजामांच्या रूपाने कोणत्याही तहाविना होत गेली. येथेही सेवकांचेच राजे झाले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की सत्ता एका हाती असावी, दिल्ली बळकट असावी, म्हणजे देश फुटत नाही. हा निष्कर्ष घातक आहे आणि इतिहासाला धरूनही नाही. काखडीचे ओसाड गाव बळकट राजाच्याच काळातील आहे. सत्तेची वाटणी आणि सत्तेचे विकेंद्रीकरण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गावाला अधिकार देणे हे विकेंद्रीकरण. गाव कोणाला तरी देऊन टाकणे ही वाटणी. म्याकदोनीच्या गावाला आपला कारभार मिळाला नव्हता. ते गाव कुमारदत्ताला मिळाले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर जिल्ह्याचे पाणी, कर्ज आणि बाजार ज्याच्या मुठीत आहे अशा पुढाऱ्याला कार्यकर्ते 'जिल्ह्याचा राजा' म्हणून कौतुकाने संबोधतात, तेव्हा ते नकळत खंदनागाच्या जनपदाचीच भाषा बोलत असतात. पक्षाचा झेंडा कोणताही असो.

विजयपुरीचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १९५५ साली नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी झाली. दरी बुडण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याने तेथे मोठे उत्खनन केले आणि काही अवशेष टेकडीवर, म्हणजे आजच्या बेटावर, हलवले. इक्ष्वाकूंची राजधानी पाण्याखाली गेली आणि त्या पाण्याने लक्षावधी एकर शेती भिजू लागली. २०१४ साली आंध्र प्रदेशाचे विभाजन होऊन तेलंगण राज्य झाले, आणि त्याच जलाशयाच्या पाण्यावरून दोन राज्यांत तंटे झाले. पूर्वेच्या वारसाच्या राजधानीवर पुन्हा एका वाटणीचा वाद उभा राहावा, हा इतिहासाचा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण प्रश्न जुनाच आहे. वाटणी कोणाकोणात झाली हे सर्वांना ठाऊक असते. शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचले का, हे फार थोडे जण विचारतात.

शेवटी नाशिकच्याच लेण्यातील आणखी एका लेखाकडे वळले पाहिजे. सातवाहन गेले, आभीर आले, तेव्हाचा हा लेख. ईश्वरसेन नावाच्या आभीर राजाच्या नवव्या वर्षी शक कुळातील एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेव ठेवली. त्या श्रेणींत कुंभार आहेत आणि तेली आहेत. नहपानाच्या काळी विणकरांवर जो विश्वास टाकला गेला, तोच तीन राजवटी उलटल्यावर कुंभार आणि तेल्यांवर टाकला गेला. मधल्या काळात नाण्यांवरचे ठसे बदलले, सेनापतींची जनपदे झाली, अश्वमेधाचे घोडे फिरले. राज्य ज्यांनी वाटून घेतले त्यांची घराणी बुडाली. आपापल्या गावात संघटित राहून ज्यांनी हिशेब चोख ठेवला, त्या कष्टकऱ्यांची पत मात्र कायम राहिली.

कल्याणहून कान्हेरीला जाऊन लोहाराने जी वाट करून दिली, तिच्यावर त्याने कोणाचीही जकात बसवली नव्हती. सत्ता वाटायचीच असेल तर ती कोणाच्या हाती द्यायची, याचा विचार करताना कार्यकर्त्यांनी त्या लोहाराचे स्मरण ठेवावे.